वहिनींची निरगाठ

पिवळी चिठ्ठी निळीच्या जागी आणि निळी पिवळीच्या जागी बांधून झाली. सवयीने वहिनींनी दोन्ही दोऱ्यांना निरगाठ मारली आणि मान वर करून पाहिलं. चहाची सुट्टी होती, आसपास कुणी नव्हतं. नवा यांत्रिक हात तेवढा मशीनवर लोंबकळत होता, आणि तो काही चहाडी करणाऱ्यांतला नव्हता.

अख्खा कारखाना त्यांना वहिनी म्हणायचा. कारण त्यांचा दीर इथे साच्यांचा फिटर होता, आणि तो वहिनी म्हणतो म्हणून सगळेच म्हणू लागले. मॅनेजरसुद्धा वहिनीच म्हणायचा. मर्जी उतरली की मात्र ‘बाई’ म्हणायचा.

आज सामना झाला होता. डब्यांची हजार झाकणं वहिनींनी तपासायची, हजार नव्या कॅमेऱ्याने, त्या यांत्रिक हाताच्या मदतीने. खराब बाजूला काढायची, चांगली क्रेटमध्ये भरायची. वहिनींच्या क्रेटला पिवळी चिठ्ठी, कॅमेऱ्याच्या क्रेटला निळी. उद्या प्रयोगशाळेत दोन्ही क्रेट पुन्हा तपासले जाणार आणि कुणाच्या हातून किती खराब माल निसटला ते कळणार. वहिनी हरल्या तर एकोणीस वर्षांची नोकरी गेली.

वर्षभरापूर्वी असा सामना त्यांनी हसत घेतला असता. झाकणाच्या काठावरून अंगठा फिरवायचा, कोपरा दाबून कानाशी टक् वाजवायचं, की झालं. पण हल्ली दिव्याभोवती कडी दिसायची. सुईत दोरा सून ओवून द्यायची. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता, आणि तो कागद वहिनींनी कपड्यांच्या घडीत दडवला होता. ऑपरेशनला सुट्टी मागायची तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की तपासणीच्या टेबलावर परत कोण बसवणार? आजही अंगठा फिरवला होता, टक् ऐकलं होतं. पण डोळ्यांनीच दगा दिल्यावर अंगठ्यावर किती विसंबायचं?

“वहिनी, चहा गार झाला तुमचा.” दीर दारात उभा होता. “आटपलं का?”

“आटपलं, भावोजी.”

“मग चेहरा का असा?”

“कुठे काय? बसून बसून पाठ भरून आलीय.”

दिराने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. “जा तुम्ही. क्रेट मी पोचवतो ट्रॉलीवरून.”

संध्याकाळी घरी वहिनींचा एक पाय आत, एक बाहेर. भाजीत मीठ दोनदा पडलं. सून म्हणाली, “आई, आज समुद्रच आणलात की घरी!” दीर मात्र बोटाला बांधलेली चिंधी सांभाळत जेवला. साच्यात बोट सापडलं असेल, वहिनींनी विचारलंही नाही. दहा महिन्यांची नात दात शिवशिवतात म्हणून चमचा चावत बसली होती.

“निवांत राहा, वहिनी,” हात धुताना दीर म्हणाला. “उद्या चांगलंच होईल.”

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. दोन्ही क्रेट टेबलाशेजारी होते.

“वहिनी, मानलं तुम्हाला! पिवळ्या क्रेटमध्ये हजारांत एक खराब. एकच! आणि निळ्यात किती, माहितीये? त्रेचाळीस!”

वहिनींनी निळ्या क्रेटकडे पाहिलं. त्रेचाळीस. म्हणजे आपली गत इथवर आली.

मॅनेजरने पिवळ्या चिठ्ठीची दोरी एका झटक्यात ओढून सोडवली आणि चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. “फ्रेम करून लावा घरी. कॅमेरा परत पाठवतो मी. आणि ऐका, पुढच्या महिन्यापासून तान्ह्या बाळांच्या चमच्यांचं काम येतंय. काठाला जराशी धार राहिली तरी हिरडी कापते. ते काम आता सगळं तुमच्या भरवशावर.”

वहिनींना नातीची गुलाबी हिरडी दिसली. हजारांत त्रेचाळीस चमचे. नोकरी हवी होती, जीव तोडून हवी होती, पण अशी नको. त्यांनी चिठ्ठी टेबलावर परत ठेवली.

“साहेब, चिठ्ठ्या मी बदलल्या. काल चहाच्या सुट्टीत. तो एकवाला क्रेट कॅमेऱ्याचा आहे. त्रेचाळीस माझे. डोळ्यांत मोतीबिंदू आहे माझ्या, सहा महिने लपवलाय.”

 मॅनेजरने चिठ्ठी उचलून खणात टाकली.

“बाई,” तो म्हणाला, आणि वहिनी समजल्या. “खरं बोललात, त्याबद्दल मान आहे. पण चमचे आता कॅमेऱ्याकडेच द्यावे लागतील. शनिवारपर्यंत कामावर या, मग हिशोब करून टाकू.”

बाहेर आल्यावर वहिनींना रडू यायला हवं होतं. उलट कालपासून पहिल्यांदाच श्वास पुरता आत गेला. गेलं ते गेलं, पण कुणाच्या बाळाचं तोंड आपल्या हातून कापणार नाही.

दीर भिंतीला टेकून उभा होता, तोंडभर हसत.

“हजारांत एक! प्रयोगशाळेतल्या पोरीने सांगितलं मला. म्हटलं नव्हतं, चांगलंच होईल?”

“भावोजी, अहो, मी आत्ताच साहेबांना...”

“आधी मला बोलू द्या, कालपासून पोटात ठेवलंय.” त्याने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. “तुमच्या डोळ्यांचं मला कधीच कळलं होतं, वहिनी. हरू कसं देणार तुम्हाला? काल ट्रॉलीवर दोन्ही चिठ्ठ्यांची मीच अदलाबदल केली. बाकी तुमची निरगाठ म्हणजे काय हो,” चिंधीतलं बोट नाचवत तो म्हणाला, “नखच उखडलं माझं सोडवताना!”