कामगंधाची गोळी

मावशीने सापळ्यातला चिकट पुठ्ठा ओढून काढला आणि तोंड वळवलं. रोजचंच काम, तरी रोज किळस यायची. पुठ्ठ्यावर पतंगांचा खच पडला होता. मेलेल्यांच्या अंगावर जिवंत असलेले चढत होते, पंख घासत होते.

"मादीच्या वासाची एवढीशी रबरी गोळी," द्राक्षमळ्याच्या मालकाचा मेहुणा मावशीच्या भाचीला समजावत होता. समजावण्यासाठी इतकं चिकटून उभं राहायची काही गरज नव्हती. "त्या वासाने नर येतात आणि अडकतात. मग अंडी नाहीत, अळ्या नाहीत, द्राक्षं शाबूत. कळलं का, राणी?"

भाचीला मळ्यात कामाला मावशीनेच लावलं होतं. इथे कोण टिकणार आणि कोण जाणार, हे मेहुणाच ठरवायचा. म्हणून मावशी सगळं गिळत आली होती. चिखलात दगड मारला तर शिंतोडे आपल्याच अंगावर, असं ती मनाला बजावायची.

उन्हं उतरली. सगळे मजूर वेलींच्या पुढच्या रांगेत शिरले आणि एकाएकी भाची किंचाळली. तिच्या मानेवर, केसांत, कानामागे पतंगच पतंग होते. ती झटकत होती, ते चिरडले जात होते, राखाडी भुकटी आणि चिकट ओल तिच्या गळ्यावर माखत होती. तरी नवे येतच होते.

"पोरीला मागणी बघा केवढी!" मेहुणा पोट धरून हसला. दोघातिघांनी त्याला बरं वाटावं म्हणून दात काढले.

एका हातात भरलेला पुठ्ठा तसाच धरून मावशीने धावत जाऊन भाचीच्या कोटाची मागे लोंबणारी टोपी चाचपली. आत गोळी होती. वास हाताला चिकटतो म्हणून चिमट्याशिवाय हिला हात लावायचा नाही, असा मळ्याचा नियम. मावशीने ती बोटांनीच उचलून लांब भिरकावली.

"अहो मावशी, जरा गंमत केली," मेहुणा डोळे पुसत म्हणाला. "तुमची भाची, मग आमची कुणीच नाही का?"

भाची रडत नव्हती. ती नुसती मावशीकडे बघत होती.

मावशीला त्या माणसाची शिसारी आली. त्याच्या ओल्या ओठांची, त्या हसण्याची. असली किळस तिला पतंगांची कधी आली नव्हती. तिने हातातला तो पुठ्ठा दोन्ही तळव्यांनी त्याच्या छातीवर दाबला. चांगला दाबला.

"उद्यापासून दोघींनी इथे तोंड दाखवायचं नाही!" तो ओरडला. ओरडता ओरडता पुठ्ठा ओढू लागला. पुठ्ठा फाटला, डिंक शर्टावरच राहिला. एक अर्धमेला पतंग कॉलरकडे सरपटू लागला. मघाशी दात काढणाऱ्यांपैकी आता कुणी जागचं हललं नाही.

"अहो, हे निघतं कशाने?" त्याचा आवाज एकदम बारीक झाला.

मावशीने भाचीचा हात धरला.

"मला काय माहीत? तुमची नजर आम्ही रोज घरी जाऊन घासतो. ती तरी कुठे निघते?"