चारही कडा

आर्किटेक्टच्या ऑफिसात ती नकाशे काढायची. त्यासाठीचं सॉफ्टवेअर मात्र साहेबांनी विद्यार्थ्यांना फुकट मिळतं ते आणून टाकलेलं. त्यामुळे छापलेल्या प्रत्येक नकाशाच्या चारही बाजूंना एक ओळ उमटायची: 'फक्त विद्यार्थ्यांच्या वापरासाठी'. गिऱ्हाइकाच्या नजरेला ती पडू नये म्हणून पट्टी आणि कटर घेऊन चारही कडा कापायच्या, हे कामही तिच्याच गळ्यात.

"सर, आता तरी लायसन्स घ्या ना," ती दरवर्षी म्हणायची.

"घेऊ की! हातातलं हे एवढं काम उरकू दे," साहेब दरवर्षी म्हणायचे.

कॉलेज सोडून नऊ वर्षं झाली, तरी कागदावर ती आपली विद्यार्थीच.

शेवटी तिने मनाचा हिय्या केला आणि नकाशांची गुंडाळी काखेत मारून शहरातल्या सगळ्यात मोठ्या फर्ममध्ये मुलाखतीला गेली. काचेचे दरवाजे, गार हवा, भिंतभर बक्षिसं. इथे तरी सगळं रीतसर असणार, म्हणून तिचा जीव भांड्यात पडला.

तिथल्या मोठ्या साहेबांनी नकाशे टेबलावर पसरले. खोल्या, जिने, खांब, कशाकडेच त्यांनी धड पाहिलं नाही. कागदाच्या कडेवरून मात्र चारही बाजूंनी सावकाश बोट फिरवलं.

"वा, हात चांगला बसलाय हो तुमचा!" ते खूश होऊन म्हणाले. "आमच्या लोकांना मेलं इतकं सरळ कापताच येत नाही. उद्यापासून येता?"