उदयसिंगशेठच्या गरजा

"आन एखादी पळून गेली तर?" फुरकाननं विचारलं.

चहा घेऊन आत येणारी रुपाबाई दारातच थबकली.

"पळून कुठं जाते?" उदयसिंगशेठ खुर्चीत रेलून हसले. "गेटले कुलूप हाये, किल्ली माह्यापाशी. पण तुमी म्हनता तर सॉफ्टवेअरमधी टाका. कोणी गेटाजोळ गेली की माह्या मोबाइलवर घंटी वाजली पाह्यजे. लिहा."

फुरकाननं लिहिलं. हा चष्मेवाला माणूस वाशीमहून आला होता. कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो, असं त्यानं आधी फोनवर सांगितलं होतं. गिऱ्हाइकाच्या गरजा खोदून खोदून विचारायच्या, सगळं उतरवून घ्यायचं आणि मगच कॉम्प्युटरला हात लावायचा, अशी म्हणे त्याची रीत. दुपारपासून तो केबिनमध्ये ठाण मांडून बसला होता. लॅपटॉपची बॅग पायाशी तशीच बंद होती आणि हा बाबा कागदाखाली कार्बन घालून दाबून दाबून लिहीत होता. रुपाबाईला नवल वाटलं, पण शिकलेल्यांच्या तऱ्हा म्हणून तिनं ते सोडून दिलं.

तिच्या डोक्याला दुसराच घोर होता. होळी झाल्यावर दोन महिन्यांच्या बोलीवर ती रिठदहून जऊळक्याच्या या हळद कारखान्यात आली, आणि आता पोळा तोंडावर आला होता. तिच्यासकट चौदा बाया होत्या. पहिल्याच दिवशी शेठनी सगळ्यांची आधार कार्डं आणि मोबाइल जपून ठेवायला म्हणून घेतले, ते अजून जपूनच ठेवले होते. ती निघाली तेव्हा लेक रीताला तिसरा महिना होता. म्हणजे आता दिवस भरलेले. पहिलं बाळंतपण, आणि घरात दुसरं बाईमाणूस नाही. जवळच्या रेल्वे स्टेशनात गाडी थांबल्याचा आवाज आला की रुपाबाई हातातलं काम सोडून कान देऊन ऐकायची.

"बायांचे कागदपत्रं कुठं ठेवता?" फुरकाननं विचारलं. "त्याचीबी नोंद लागते."

शेठनी मागचं कपाट उघडलं. मोबाइलच्या ढिगाशेजारी रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा होता, कडा हळदीच्या बोटांनी पिवळ्या झालेल्या. फुरकाननं चौदाही नावं वाचून उतरवली आणि गठ्ठा होता तिथं ठेवला.

"सुट्टी कोण मागते सगळ्यात जास्त?"

"हेच, रुपाबाई. चार डाव मागतली. पोरगी बाळंत होऊन राह्यली म्हने. म्या म्हटलं, तुले व्हायचं हाये काय बाळंत?" शेठ खदखदून हसले.

फुरकानही हसला. "हे लिहू काय?"

"लिहा ना! सुट्टी मागतली की कॉम्प्युटरनंच नाही म्हनलं पाह्यजे. माह्या डोक्याचा ताप जाते."

रुपाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. शेठचा राग जुनाच होता. या चष्मेवाल्याचा जास्त आला. शेठ निदान विसरायचे, झोपायचे, कधी मंगरूळपीरला जायचे. हा जे बनवून ठेवणार होता ते ना विसरणार, ना झोपणार. आणि वर विचारत होता किती गोडीनं!

"गेट सोडून दुसरी वाट?"

"मांगच्या शेडचा एक पत्रा ढिला झाला हाये. उद्या वेल्डिंग करून टाकतो."

"लिहितो. तिथं कॅमेरा लागंल."

रुपाबाईनं चहाचे कप दोघांपुढं आदळले. महिनाभर तिनं तोच पत्रा हेरून ठेवला होता. रोज थोडा थोडा हलवून पाहिला होता. तेवढी एक आशा होती, तीही या मेल्यानं एका ओळीत संपवली.

मग मात्र तिला राहवलं नाही. "साहेब, सगळं इचारलं तुमी. मानूस घरी कवा जाते, थे नाही इचारलं. त्याचं बटन कुठं हाये तुमच्या मशीनमधी?"

शेठनी डोळे वटारले. फुरकाननं मानसुद्धा वर केली नाही.

"थे शेवटी असते बाई. आधी हे पुरं होऊ द्या."

शेवटी म्हणजे कधीच नाही, हे रुपाबाईला या सहा महिन्यांत चांगलं कळलं होतं. रिकामे कप उचलून ती भिंतीशी उभी राहिली. रडूसुद्धा येईना.

फुरकाननं सगळी पानं मोठ्यानं वाचून दाखवली. कुलूप, किल्ली, कार्डं, पत्रा, नाकारलेल्या सुट्ट्या. शेठ प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. आपला कारभार कोणी इतका नीट मांडलेला त्यांनी प्रथमच ऐकला असावा.

"आता खाली तुमच्या हातानं लिहा," फुरकान म्हणाला, "वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. आन हरेक पानावर सही."

"एवढं कायले पाह्यजे?"

"नंतर गिऱ्हाईक म्हनते, म्या असं बोललोच नव्हतो. मग आमी पडतो तोंडघशी."

शेठना ते पटलं. गिऱ्हाइकांचा त्यांचा अनुभव काही वेगळा नव्हता. सात पानं, सात वळणदार सह्या झाल्या.

"गेट उघडाले सांगा," कार्बन काढून पानं वेगळी करत फुरकान म्हणाला. "बाहेर माह्ये लोकं हायेत. जागा पाहून घेतात."

शेठनी किल्ली खिडकीतून चौकीदाराकडे, सेवालालकडे, फेकली. गेट करकरलं. जीप आत आली, आणि तिच्यातून दोन पोलीस आणि एक पोलीसबाई उतरली.

शेठ खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले.

फुरकाननं कपाटातला गठ्ठा काढला, रबर सोडलं, एक कार्ड शोधून रुपाबाईच्या हातात ठेवलं.

"चाला रुपाबाई. आमच्या ठाण्यात तक्रार देनारी तुमची रीता जीपमधी बसेल हाये. दिवस भरले म्हून तिले म्याच उतरू नाही देलं."