पेचचा गाळलेला परिच्छेद

कादंबरी वुडलँड्सच्या आपल्या फ्लॅटमध्ये बसून एका प्रवासी कंपनीसाठी मराठी ऑडिओ गाइड रेकॉर्ड करायची. या वेळी हंगेरीतलं पेच शहर होतं. रोमन थडगी, तुर्कांची मशीद, छपरांवरची रंगीत कौलं, सगळं तिने मन लावून वाचलं. १९४४चा परिच्छेद मात्र तिने स्वतःच गाळला. शहरातल्या हजारो ज्यूंना, लेकराबाळांसकट, आगगाडीत कोंबून मरणाच्या छावणीत धाडलं होतं. सहलीला आलेल्यांना हे कशाला, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने रेकॉर्डिंग ऐकलं. कौलांची माहिती संपली आणि पावलं ऐकू आली. पुष्कळ माणसं चालत होती. काही पावलं अगदी छोटी होती.

तिने तेवढा भाग पुसून पुन्हा वाचला. पावलं पुन्हा आली, आणि या वेळी जवळून.

"मागे कोण चालतंय गं?" तिच्या नवऱ्याने, राजसने, विचारलं.

"मी त्यांना गाळलं रे," ती कशीबशी म्हणाली. "मला कुणी गाळायला सांगितलंही नव्हतं."

"मग आता वाच ना."

तिने तो परिच्छेद वाचला, एकही शब्द न सोडता. मग दोघांनी रेकॉर्डिंग लावलं. तिचा आवाज स्वच्छ होता. पावलं नव्हती.

"झालं ना?" राजस हसला.

तेवढ्यात दाराबाहेर, कॉरिडॉरमध्ये, कुणीतरी बूट काढून ठेवले. मग आणखी कुणीतरी. मग आणखी. तो आवाज दारापासून लिफ्टपर्यंत गेला, तरी थांबेना.