वजावट नको

"ही कुठली गाडी, बाबा?"

नॉर्बर्ट कुलमन ऐकूच न आल्यासारखे कॉफी ढवळत बसले. कॉफीत साखर नव्हती, दूध नव्हतं, तरी ढवळत बसले.

ग्रेचनने हातातला कागद टेबलावर आपटला. दरवर्षी मार्चमधल्या एका रविवारी ती वडिलांचं कराचं विवरणपत्र भरायला येई, आणि दरवर्षी तिचं डोकं फिरे. वर्षभराच्या पावत्या बुटांच्या खोक्यात कोंबलेल्या. औषधाच्या चिठ्ठीला गळाच्या दोरीचं बिल चिकटलेलं. आणि आज त्या खोक्याच्या तळाशी, चार घड्या घातलेला हा कागद. टोलेडोच्या कुठल्याशा धर्मादाय संस्थेचा. आपण दान केलेल्या मोटारगाडीबद्दल आपले आभार!

"मी काढून ठेवला होता तो," नॉर्बर्ट पुटपुटले.

"काढून ठेवला होता? म्हणजे लपवला होता!"

नॉर्बर्टनी कप जवळ ओढला.

ग्रेचनने खिडकीबाहेर बघितलं. अंगणात त्यांचा बावीस वर्षांचा पिकअप उभा होता. हा खटारा सोडून या माणसाच्या नावावर दुसरी गाडी कधी नव्हती. शेजारी तिची करडी गाडी. हिवाळ्याच्या तोंडावर तिने ती स्वतःच्या पैशांनी घेतली होती, तिचा तिला कोण अभिमान! वडिलांच्या चर्चमधल्या ड्वेनने एका जुन्या गाड्यांच्या आवाराचा पत्ता दिला होता. नोकरीचं पत्र दाखवलं की तिथे गाडी स्वस्तात मिळे. अकराशे डॉलरमध्ये अशी गाडी! नशीबच म्हणायचं.

तिचं एवढं कौतुक सांगितलं, तर आज ती आल्याआल्या बाबा पोर्चवरूनच काय म्हणाले? "मागचा डावा टायर बदलून घे."

"इतक्या लांबून दिसलं तुम्हाला?"

"अंदाज."

म्हणे अंदाज! कौतुकाचा एक शब्द तोंडातून निघेल तर शपथ. आधीच तिचं टाळकं सणकलं होतं. ती ज्या वृद्धाश्रमात काम करी, तिथे पार्किंगच्या पासासाठीही गाडीचा चॅसिस नंबर लिहून मागितला होता. नोंदणीला तो, विम्याला तो, आता पासालाही तोच. "सतरा अक्षरं, बाबा! झोपेत उठवून विचारलं तरी घडाघडा म्हणून दाखवीन," ती वैतागून म्हणाली होती. तेव्हा ते चक्क हसले होते.

आता मात्र मान खाली घालून कपात बघत होते.

"खरं सांगा. कुणी नादी लावलं तुम्हाला? नसलेली गाडी दान दाखवा, कर वाचवा, असं?"

"नाही गं. गाडी होती."

"कधी?"

"ऑगस्टात घेतली. सप्टेंबरात दिली."

ग्रेचनने कपाळावर हात मारला. "पैसे कुठून आणले?"

"बोट विकली ना."

"बोट? ती कंबर दुखते म्हणून विकलीत ना?"

"दुखतेच की कंबर."

तीस वर्षं या माणसाने त्या बोटीला जीव लावला होता. आईच्या वाढदिवसालाही सरोवरावर मासे धरत बसायचा. ती विकून गाडी घेतली, आणि महिन्याभरात ती परक्यांच्या हवाली केली! त्याच सप्टेंबरात ती पहाटे पाचला पावसात बस स्टॉपवर कुडकुडत उभी असायची. बाबांनी चेक पाठवले होते, ते तिने दोन्ही वेळा परत केले, ही गोष्ट खरी. कर्टिसशी झालेलं लग्न मोडलं तेव्हा, "मी तुला आधीच सांगितलं होतं," असं म्हणणाऱ्या बापाचा एक डॉलरही तिला नको होता. पण म्हणून काय, गाड्या गावाला वाटायच्या?

"ठीक आहे," ती म्हणाली. "दिली ना? मग वजावट मागू. यंदा आईच्या इस्पितळाचा खर्चही आहे, चांगला फायदा होईल."

"वजावट नको."

"का?"

"ती गाडी वजावटीत बसत नाही."

"खरी दिली असेल तर बसते. आणि खोटी असेल तर तुरुंगात तुम्ही बसाल!"

"पोरी, नाही बसत म्हणजे नाही बसत. कुणाला द्यायची ते आपणच ठरवून ठेवलं, की ते दान धरत नाहीत." एवढं बोलून ते एकदम थांबले आणि पुन्हा कॉफी ढवळू लागले.

"आता हा नवा नियम कुठून काढलात? इथे तर चक्क खूण केलीय. ऐका. 'गरजू व्यक्तीस बाजारभावापेक्षा फार कमी किमतीत दिली.' मिळाली असेल कुणा नशीबवानाला! या कागदाची एक प्रत कर खात्याकडे जाते, माहितीय? उद्या त्यांनी विचारलं तर काय सांगणार, कॉफी ढवळत बसणार? सत्तर वर्षांचे झालात, आता तरी एक काम सरळ करा!"

"ग्रेच, राहू दे ना. सूप गरम करू का तुला?"

"सूप नको मला. उपकार तर मुळीच नकोत."

नॉर्बर्टनी चमचा खाली ठेवला. "ते माहितीय मला," ते हळूच म्हणाले.

ग्रेचनने जोडपत्र पुढे ओढलं. देणगीदाराचं नाव लिहिलं. संस्थेचं नाव लिहिलं. तारीख लिहिली. मग कागदावर बोट ठेवून ती चॅसिस नंबर उतरवू लागली.

पहिली सहा अक्षरं तिने कागदावर बघून लिहिली. उरलेली अकरा लिहिताना तिला बघावं लागलं नाही.