जीभ दाखवा

"जीभ दाखवा," सुलोचना म्हणाली.

तानबानं तोंड उघडलं, जीभ बाहेर काढली, डावीकडे-उजवीकडे फिरवली. "घे पाहून. तोंडात बैलगाडी नाई लपवली."

ती हसली नाही. काळ्या गोळ्यांची डबी तिनं कमरेला खोचली आणि चुलीकडे वळली.

चौऱ्याहत्तरच्या हंगामात हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात रुईची गाठ तानबाच्या कमरेवर कोसळली होती. हाड जुळलं, दुखणं राहिलं. दुखण्यामागून अफू आली, आणि अफूपायी घरातली पितळी भांडी एकेक करून बाजारात गेली. त्यांच्या अल्लीपूर गावात तर अशी गत झाली की तानबा दिसला की सुलोचनाच्या माहेरची माणसंही आपलं दार ओढून घेत.

शेवटी सुलोचनानं त्याला हिंगणघाटच्या डॉक्टरांकडे नेलं.

"दुखणं खरं आहे आणि चटकही खरी आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी अफूच्याच मोजक्या, कडू गोळ्या दिल्या. दिवसाला दोन. डबी बायकोच्या ताब्यात. गोळी तिच्यासमोर गिळायची आणि जीभ दाखवायची. "जास्त मागितली, तर त्या दिवसापासून सगळं बंद."

तानबानं जास्त मागितली नाही. दोन महिन्यांत एकदाही नाही. फक्त त्याच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याला दातांनी भोकं पडली. अंग घामानं भिजलं की तो दुपट्टा तोंडात कोंबायचा आणि भिंतीकडे वळायचा. सुलोचना ते पाहायची, मग दुसरीकडे बघायची.

"चहा फिका काऊन वं?" त्यानं एकदा विचारलं.

"गूळ सरला."

"परवाच तं आणलता."

"मुंग्या लागल्या."

तानबानं तिच्याकडे पाहिलं. गरम पाण्याचा तांब्या पोटाशी धरून ती तांदूळ निवडत होती.

"पोट दुखते?"

"गॅस होते. तुमी आपलं पाहा."

त्यानं फिका चहा पिऊन टाकला.

सोमवारी दोघं एसटीनं दवाखान्यात गेली. डॉक्टर खुशीत होते.

"शाबास, तानबाजी. आता रोज एकच गोळी देऊ. महिन्याभरात तीही बंद."

सुलोचनानं पदर मुठीत गच्च धरला.

"कमी नोका करू, साहेब," तानबा म्हणाला. "दोनाच्या चार करा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अट आठवते ना?"

"आठवते."

"मग? एवढं सावरून पुन्हा तेच?"

"दोनात भागून नाई राह्यलं, साहेब."

दाराशी बाकावर बसलेले दोघे-तिघे हसले. "अफूवाला शेवटी अफूवरच गेला," कोणीतरी पुटपुटलं.

"आजपासून गोळ्या बंद," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज कडक नव्हता, नुसता थकलेला होता. "तुमच्या बायकोनं एवढं केलं. तिची तरी लाज वाटायला हवी होती."

सुलोचना उठली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "घरी चला," ती हळूच म्हणाली. "चला ना."

तानबानं तिचं मनगट धरून तिला परत स्टुलावर बसवलं. मग डॉक्टरांसमोर आपली जीभ बाहेर काढली, डावीकडे-उजवीकडे फिरवली.

"दोन महिने झाले, साहेब, या जिभेवर गुळाची गोळी पडून राह्यली. दोनात हिचं भागून नाई राह्यलं. आता हिची जीभ पाहा. मंग हिचं पोट."