एकट्या माणसाची बादली

"चार किलो दोनशे!" कचरा न्यायला आलेल्या रुझाने काटा पुन्हा एकदा पाहिला. एकट्या म्हाताऱ्या अंतुनकाकांच्या घरचा आठवड्याचा ओला कचरा, आणि वजन सहा माणसांच्या खटल्याचं. तिने झाकण काढलं. वर कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याच्या सारमा होत्या. अख्ख्या. एकीलाही दात लागलेला नव्हता.

ओल्या कचऱ्यापासून गॅस करणाऱ्या गावच्या प्रकल्पाला असलं तेलकट-तुपकट फार मानवतं. त्या गॅसवर अर्ध्या गावाचे दिवे लागतात, शाळा उबदार राहते. गेल्या महिन्यात प्रकल्पाने अंतुनकाकांचं नाव कौतुकाने फळ्यावर लावलं होतं. रुझाला मात्र ती बादली उचलवेना.

"काका, हे काय? रांधता आणि बादलीत ओतता?"

"तू कचरा ने. नसत्या चौकशा नकोत."

रुझा हलली नाही. ती याच गल्लीत, काकांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. शेवटी म्हातारा बोलला. बायको गेल्यापासून घास घशाखाली उतरत नव्हता. पण बादलीचं वजन प्रकल्पाकडून घरच्यांच्या फोनवर जातं, आणि तिकडे जर्मनीत, श्टुटगार्टला यास्ना, त्यांची लेक, दर शुक्रवारी ते बघते. कचरा आहे म्हणजे चूल पेटतेय, चूल पेटतेय म्हणजे बाप जेवतोय. लेकीचं सरळ गणित! वजन उतरलं की ती बापाला कायमची तिकडे नेणार, चौथ्या मजल्यावर. बायकोची, बार्बराची कबर इथे. तिला सोडून जायचं कुठे?

लेकीच्या शहाणपणाला काय म्हणावं? पण रुझाला राग आला तो काकांचाच. तिने हात धुतले आणि सरळ टेबलाशी बसली.

"वाढा दोन ताटं. मी एकटी जेवणार नाही आणि उपाशी उठणारही नाही."

दारी आलेल्याला एकटं जेवू घालणं म्हणजे आमच्याकडे शिवी दिल्यासारखं. काकांनी कुरकुरत एक सारमा घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा हजर. चौथ्या दिवशी काकांनी मागून घेतलं.

पुढच्या शुक्रवारी बादली भरली सहाशे ग्रॅम. कांद्याची सालं, कोबीचे बुडखे आणि चाटूनपुसून साफ केलेली हाडं.

दोघं जेवत असतानाच फोन वाजला.

"बाबा, सहाशे ग्रॅम? म्हणजे तुम्ही काही खातच नाही! आज तरी जेवलात का? बोला ना! गप्प बसलात तर उद्याच न्यायला येते."

अंतुनकाकांच्या तोंडात एवढा मोठा घास होता, की त्यांना बोलताच येईना.